पंधरावी खोली

१

मृणाली दिवसाला दोन घरं मोजायची. सकाळी सातला बहरीनमधल्या उम्म अल हस्समच्या फ्लॅटमधून निघायचं, वकारच्या गाडीत बसायचं, कुणीतरी विकायला काढलेल्या घराच्या भिंती मोजायच्या आणि दुपारी ऑफिसात येऊन त्यांचे नकाशे काढायचे. विकणाऱ्याला वाटतं आपलं घर मोठं, घेणाऱ्याला वाटतं लहान, आणि टेप दोघांपैकी कुणाचंच ऐकत नाही. हे म्हणणं मूळचं जयेशचं. तो होता तेव्हा रोज एखादं असलं वाक्य घरात पडायचं आणि कुणी उचलायचंही नाही.

जयेश तिचा नवरा. अस्करला ॲल्युमिनियमच्या भट्टीवर इंजिनिअर होता. चौदा महिन्यांपूर्वी रात्रपाळी करून सकाळी घरी आला, चहा न घेताच बेडरूममध्ये जाऊन झोपला आणि उठला नाही. मृणाली त्याला मिरजेला पोचवून पंधराव्या दिवशी कामावर हजर झाली. व्हिसा स्वतःच्या नावावर करून घेतला, मुलीचाही करून घेतला. लोक म्हणाले, धीराची बाई आहे. धीर वगैरे काही नव्हता. दातांच्या डॉक्टरने सुई दिल्यावर गाल जसा आपला राहत नाही, तशी ती सगळीच झाली होती.

त्या दिवसापासून ती बेडरूममध्ये गेलेली नव्हती. सांगायला कारण तयार होतं: इरूचं बारावीचं वर्ष, तिला स्वतंत्र खोली हवी. इरू म्हणजे इरावती, सतरा वर्षांची, एकुलती एक. तिने त्या खोलीत आपलं टेबल लावलं आणि झोपू लागली त्याच पलंगावर. मृणाली हॉलमधल्या सोफ्यावर. मृणालीचे कपडे कपाटातून इरूच काढून आणायची. रात्रीचं जेवण मृणाली दाराशी न्यायची, चौकटीच्या अलीकडे थांबायची आणि ताट पुढे करायची. इरू उठून यायची, ताट घ्यायची, थँक्स मम्मा म्हणायची.

जिथे आपल्याला पाऊल टाकवत नाही तिथे आपण पोरीला झोपवतो, हे मृणालीला कळत होतं. कळत होतं, पण वाटत काही नव्हतं. त्याचीच तिला कधी कधी भीती वाटावी असं वाटायचं, पण तीही वाटायची नाही.

२

ते घर बुदैयाच्या रस्त्याला होतं, आत, खजुरांच्या जुन्या बागेच्या मागे. वकारने गाडी फाटकातून आत घेतली आणि आपसूक ब्रेक दाबला.

"मॅडम," तो म्हणाला, "ऐसा घर तो बिस्किट के डिब्बे पे होता है."

वकार सियालकोटचा, पन्नाशीचा, टेपचं दुसरं टोक धरण्यात त्याची बारा वर्षं गेली होती. घरांचं त्याला सहसा काही वाटायचं नाही. पण म्हणाला ते खरं होतं. छप्पर जवळजवळ उभं, काळ्याशार दगडी पाट्यांचं. फ्रान्समध्ये नॉर्मंडीकडे अशी छपरं करतात, पाऊस आणि बर्फ घसरून जावा म्हणून. बहरीनमध्ये त्यावरून घसरायला धूळ तेवढी होती. पांढऱ्या भिंतींवर काळ्या लाकडाच्या आडव्यातिडव्या पट्ट्या, छपरातून डोकं काढलेल्या छोट्या खिडक्या, एका कोपऱ्याला गोल बुरूज आणि त्यावर निमुळती टोपी. आवारात दगडी कबुतरखाना होता, तोही गोल. त्यात कबुतर एकही नव्हतं.

मृणालीच्या हातात घराची फाइल होती. रहिमतुल्ला नावाचा लाकडाचा मोठा व्यापारी एकोणीसशे सत्याहत्तरला माल बघायला फ्रान्सला गेला, असल्याच एका घरात आठ दिवस राहिला आणि फोटोंचं पाकीट घेऊन परत आला. पैशाला तोटा नव्हता. दोन वर्षांत घर उभं राहिलं. गवंडी कुठले कुठले होते, पण सुतार राजापूरचे होते, हे फाइलमधल्या मजुरांच्या यादीवरून कळत होतं. आयुष्यात बर्फ न पाहिलेल्या माणसांनी बर्फासाठीचं छप्पर चढवलं आणि ते अजून गळलेलं नव्हतं.

रहिमतुल्लाच्या वारसांनी एक्याण्णवला घर विकलं. घोडे पाळणाऱ्या एका कुटुंबाने ते घेतलं, मागे तबेला बांधला. दोन हजार चारला ते एका डॉक्टरकडे गेलं. दोन हजार तेराला डॉक्टरकडून ताहेरा नावाच्या बाईंनी आणि त्यांच्या नवऱ्याने घेतलं. नवरा आता नव्हता. ताहेराबाई घर विकून मुलीकडे हिद्दला राहायला निघाल्या होत्या.

प्रत्येक विक्रीच्या वेळी घर नव्याने मोजलं गेलं होतं. त्यामुळे फाइलमध्ये चार नकाशे होते. मूळच्या नकाशात खोल्या अकरा. एक्याण्णवच्या नकाशात बारा. दोन हजार चारच्या नकाशात तेरा. दोन हजार तेराच्या नकाशात चौदा.

वाढीव बांधकामाची परवानगी मात्र फाइलमध्ये एकही नव्हती आणि बाहेरची रेघ चारही नकाशांत बोटभरसुद्धा हललेली नव्हती. मृणालीने गाडीत बसल्याबसल्याच त्याचा निकाल लावला. मोठ्या खोलीत मधे भिंत घातली की एकीच्या दोन होतात, त्याला कोण परवानगी घेतं?

३

ताहेराबाई साठी उलटलेल्या, जाड चष्म्याच्या. जुन्या बहरीनी माणसांना येते तशी त्यांना हिंदी येत होती. सोफ्यांवर पांढऱ्या चादरी घातलेल्या होत्या, त्यातलीच एक बाजूला सारून त्या बसल्या होत्या.

"नापो, बेटी," त्या म्हणाल्या. "लेकिन अपनी कोई चीज़ यहाँ मत छोड़ना."

मृणालीला वाटलं, विसराळूपणाबद्दल म्हणतायत. तिने मान हलवली.

खालचा मजला साडेदहापर्यंत उरकला. वरच्या मजल्यावर मागच्या अंगाला एक लांब बोळ होता आणि त्या तीन जादाच्या खोल्या बोळाच्या एकाच बाजूला ओळीने होत्या. पहिलीची जमीन लाल कोब्याची, घासून घासून गुळगुळीत झालेली. बाकी सगळ्या घरात संगमरवर. दुसरीत काळ्या जाड बटणांचा लाकडी स्विचबोर्ड, तिच्या लहानपणी मिरजेच्या घरी होता तसा. तिसरीच्या खिडकीला काचेऐवजी शिंपल्यांच्या पातळ चकत्या बसवलेल्या. असल्या खिडक्या तिने तिच्या एका फिलिपिनो मैत्रिणीच्या घरच्या फोटोत पाहिल्या होत्या. तिन्ही खोल्या रिकाम्या, झाडून घेतलेल्या. तिन्हींची उंची वेगवेगळी.

हौशी मालक, तिने मनात म्हटलं आणि वहीत लिहिलं: "नंतरची भर."

ताहेराबाई जिन्यापाशी उभ्या होत्या. "इन कमरों में आप सामान नहीं रखतीं?" मृणालीने विचारलं.

"हम क्यों रखते? सामान तो था ही."

त्या जिना उतरू लागल्या. मृणालीने पुढे विचारलं नाही. दुसऱ्याच्या घरात जेवढं विचारावं तेवढं काम लांबतं, हा तिचा अनुभव होता.

मागच्या भिंतीची बाहेरून लांबी वकारने दोनदा घेतली. आतल्या खोल्या आणि भिंतींच्या जाड्या मिळवून बेरीज केली तर ती कमी पडत होती. बोळाच्या टोकाला, शिंपल्यांची खिडकी असलेल्या खोलीच्या पलीकडे, बुरुजाच्या अलीकडे, कुठल्याच खोलीत न बसणारी जागा उरत होती. दार नव्हतं, खिडकी नव्हती. वकारने भिंतीवर बोटांनी टकटक केलं. आवाज पोकळ आला.

"कितना छूट रहा है?" त्याने विचारलं.

तिने हिशेब केला. तीन मीटर पासष्ट लांब, तीन मीटर पाच रुंद.

हा आकडा तिला स्वतःच्या फोन नंबरासारखा पाठ होता. तिच्या बेडरूमचं ते माप होतं. कपाट घ्यायचं होतं तेव्हा जयेशने आणि तिने मिळून खोली मोजली होती आणि तिने हौसेने त्याचा नकाशा काढला होता, कपाट, पलंग, दार उघडायला लागणारी जागा सगळ्यासकट. योगायोग, ती म्हणाली. जगात खोल्या अशाच मापांच्या असतात.

या धंद्यातल्या लोकांना एक खोड असते. एखादी खोली बंद असली, किल्ली मिळाली नाही, तर नकाशात भोक ठेवत नाहीत. अंदाजाने एक खोली काढून ठेवायची, नकाशा जुळवून घ्यायचा, मग किल्ली मिळाली की दुरुस्त करायची. सगळेच करतात आणि अर्धेअधिक दुरुस्त करायचं विसरतात. दुपारी ऑफिसात मृणालीने तेच केलं. नवीन खोली कशाला काढा? तिने कॉम्प्युटरवरून आपल्या बेडरूमचा तयार नकाशा उचलला आणि त्या जागेत ठेवला. खोली चपखल बसली. आतला पलंगही तसाच आला, दोन उशांसकट. खाली आपली सही टाकून तिने फाइल सेव्ह केली.

हात जरा थांबायला हवा होता. थांबला नाही. तिला काही वाटलंच नाही.

४

संध्याकाळी ती ताट घेऊन दाराशी गेली. इरू उठून आली.

"मम्मा, इतके पिजन्स कुठून आले? ऑल आफ्टरनून. मला स्टडीच करता आला नाही."

बेडरूमची खिडकी इमारतीच्या डक्टमध्ये उघडायची. समोर दुसऱ्यांच्या एसीची खोकी आणि सांडपाण्याचे पाइप. "डक्टमध्ये येतातच कबुतरं," मृणाली म्हणाली.

"आपल्याकडे कधीच नव्हती."

"आता आली असतील."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी इरूने ताट लगेच घेतलं नाही. दारात उभी राहिली. तिला अभ्यासाची सुट्टी लागली होती, दिवसभर ती त्या खोलीतच होती.

"विंडोमधून ट्रीज दिसतात, मम्मा."

"कसली झाडं?"

"डेट पाम्स. लॉट्स. आणि एक राउंड काहीतरी आहे, स्टोनचं. कम अँड सी ना."

मृणाली चौकटीच्या अलीकडे होती. तिथून खिडकी दिसत नव्हती, कपाट आड यायचं. पण इरूच्या गालावर, गळ्यावर पिवळं, तिरपं ऊन पडलेलं दिसत होतं. त्या डक्टमध्ये ऊन कधीच उतरत नव्हतं. समोरच्या इमारतीला नवी काच बसवली असेल, तिच्यावरून उलटून येत असेल, मृणालीने स्वतःला सांगितलं. कुठल्याही गोष्टीला कारण असतं. शोधलं की सापडतं. तिला तर आजकाल न शोधताच सापडायचं.

"उद्या बघते," ती म्हणाली.

"उद्या नको. नाऊ."

"इरू, भात गार होतोय."

इरूने तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे जयेशवर गेले होते, समोरच्याला उत्तर टाळण्याची सवलत न देणारे. "तू आत कधी येणार?" तिने विचारलं. "ट्रीज राहू दे. पण तू आत कधी येणार?"

मृणालीच्या हातातलं ताट जड झालं होतं. ते तिने आणखी थोडं पुढे केलं. शेवटी इरूने घेतलं आणि दार लावून घेतलं. त्या दिवशी ती थँक्स म्हणाली नाही. मृणाली सोफ्यावर बसली आणि बऱ्याच वेळाने तिच्या लक्षात आलं की इरूचं बरोबर आहे, आत जायला पाहिजे. उद्या नक्की, असं ठरवून ती झोपली.

५

सकाळी निघताना बेडरूमचं दार बंद होतं. पोरीला झोपू दे, म्हणून तिने हाक मारली नाही.

ऑफिसात पोचल्यावर पहिलं काम तिने केलं ते नकाशा उघडायचं. त्या जागेतली खोली काढून टाकायची आणि नुसती रेघ मारून "प्रवेश नाही" असं लिहायचं. का, ते तिने स्वतःला विचारलं नाही. चुकीचं आहे ते दुरुस्त करायचं, एवढंच.

फाइल उघडेना. बाजूला कुलपाचं चिन्ह दिसत होतं.

राजन सर, ऑफिसचे मुख्य, पुण्याचे, घाईचे. कपातली कॉफी ढवळत तिच्या टेबलाशी आले. "अगं, बुदैयाचा नकाशा मी काल संध्याकाळीच पाठवला. मंजूर होऊन स्टॅम्पसुद्धा बसला. इतक्या लवकर कधी होतं? नशीब समज."

"सर, त्यातली एक खोली मी अंदाजाने टाकलीय. तिला दार नाहीये."

"बेरीज जुळली ना?"

"जुळली."

"मग खलास. पंधरा खोल्या. बाईंना किंमत दोन पैसे जास्तच मिळेल." ते वळले आणि पुन्हा थांबले. "हां, घेणाऱ्याला प्रत्येक खोलीचा फोटो हवाय. चौदांचे आलेत. तेवढा एक काढून आण. यल्ला, चल लवकर."

दार नसलेल्या खोलीचा फोटो कसा काढायचा, हे तिने विचारायला हवं होतं. ती पर्स उचलून खाली उतरली. वकारने गाडी सुरू केलेलीच होती.

वाटेत तिने इरूला फोन लावला. लागला नाही. झोपली असेल, ती म्हणाली. वकारने आरशातून तिच्याकडे पाहिलं. मग तिने परत लावला आणि परत.

६

बागेत शिरल्याबरोबर तिने काच खाली केली. कबुतरखाना भरलेला होता. घुटुर्घुम चाललं होतं, शेकडो कबुतरांचं.

ताहेराबाई दारातच होत्या. त्यांनी सलाम केला नाही, नुसतं वर बोट दाखवलं.

मृणाली जिना चढली, मागे वकार. बोळात ऊन आलं होतं. लाल कोब्याची खोली गेली, काळ्या बटणांची गेली, शिंपल्यांच्या खिडकीची गेली. बोळाच्या टोकाला परवा जिथे भिंत होती तिथे दार होतं.

"ये दरवाज़ा परसों नहीं था," वकार म्हणाला. त्याचा आवाज अगदी साधा होता.

दार पांढऱ्या रंगाचं, हलक्या लाकडाचं, उम्म अल हस्समच्या भाड्याच्या फ्लॅटांना असतं तसलं. कडेला, हँडलच्या वर, रंगाचा पोपडा निघालेला. कपाट आत घेताना निघाला होता तो. जयेश हमालांवर ओरडला होता आणि मग त्यांनाच सरबत करून दिलं होतं.

आतून एसीचा आवाज येत होता. त्यांचा एसी खडखडायचा. जयेशने त्याच्या फटीत पुठ्ठ्याची घडी सरकवून ठेवली होती, त्यामुळे तो तीनदा खडखडून चौथ्यांदा गप्प बसायचा. एक, दोन, तीन. गप्प. एक, दोन, तीन. गप्प.

मृणालीने फोन काढला. शेजारच्या लीनाला लावला. लीना वसईची, समोरच्याच दारात राहायची. जयेश गेल्यापासून घराची एक किल्ली तिच्याकडे असायची.

"लीना, जरा माझ्या घरी जाऊन इरूला उठवशील? ती फोन उचलत नाहीये."

"आत्ता जाते गो." चपलांचा आवाज, किल्लीचा आवाज, दार उघडल्याचा आवाज. "इरूऽ! अगो, हॉलमध्ये नाहीये. किचनमध्ये पण नाही. बाथरूम उघडंच आहे."

"बेडरूममध्ये बघ."

चपलांचा आवाज पुढे गेला, परत मागे आला.

"मृणाली, तुमची बेडरूम कुठे? किचनच्या बाजूला भिंत आहे. तुझा सोफा आहे भिंतीला लागून. मी कितीदा आलेय इथे, पण आता मला आठवतच नाही तुमची बेडरूम कुठून होती ते."

मृणालीने फोन खाली केला. लीना त्यातून हॅलो हॅलो करत राहिली.

ताहेराबाई हळूहळू जिना चढून आल्या होत्या. कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "हमारे वक़्त जो लड़की नापने आई थी, फिलिपीन की," त्या म्हणाल्या, "वो भी इधर ही खड़ी थी. उसने भी घर फ़ोन किया था."

"फिर?"

"फिर वो नीचे गई. गाड़ी में बैठी. चली गई." त्यांनी चष्मा काढून ओढणीने पुसला. "पहले वाले मालिक भी यही बताते थे. सब ऐसे ही चले गए, बेटी. अंदर कोई नहीं गया. दो-तीन साल अंदर से आवाज़ आती है. उसके बाद कमरा खाली हो जाता है. फिर हम झाड़ू लगा देते हैं."

वकार काहीतरी पुटपुटला, प्रार्थना असावी.

मृणाली दारासमोर उभी होती. दोन पावलांवर, घरी उभी राहायची तेवढ्याच अंतरावर. आपल्याला भीती वाटायला हवी, ती स्वतःला सांगत होती. किंचाळायला हवं. हात पाय कापायला हवेत. तिचे हात स्थिर होते. भिंतीचं माप घेताना असतात तेवढे स्थिर. ती परत जाऊ शकली असती. आतासुद्धा. जिना उतरायचा, गाडीत बसायचं आणि इरूचं काय झालं याला एखादं कारण शोधायचं. कारण सापडलं असतं. ते सापडेल हे कळलं आणि तेव्हा मात्र तिने एक पाऊल पुढे टाकलं.

"मम्मा?" दाराच्या आतून इरूने हाक मारली. "तू आहेस का तिकडे?"

७

मृणालीने हँडल फिरवलं. दार आत उघडलं.

खोली त्यांचीच होती. उजवीकडे कपाट, समोर टेबल, टेबलावर फिजिक्सची वही उघडी. वहीवर खजुरांच्या झावळ्यांची सावली हलत होती. इरू टेबलापाशी उभी होती, रात्रीच्याच कपड्यांत, केस विस्कटलेले.

"इरू, ये. बाहेर ये लवकर."

इरू दारापर्यंत आली, ताट घ्यायला येते तशी. तिने हात पुढे केला. हात चौकटीच्या रेघेपर्यंत आला आणि थांबला. तिने पुन्हा जोर केला. बोटांची टोकं चेपली, पांढरी पडली. मधे काहीच नव्हतं.

"आय ट्राइड," ती म्हणाली. "मॉर्निंगपासून. तुला किती हाका मारल्या मी. खोलीचं दार पण उघडत नव्हतं, आणि मग तिकडे घरच नव्हतं." तिचा ओठ थरथरत होता, पण रडायचं नाही असं तिने ठरवलेलं दिसत होतं. चौदा महिने ती तेच ठरवत आलेली असणार. मृणालीला हे आजच दिसलं आणि लाजेने तिच्या कानशिलांत गरम झालं.

मृणालीने आपला हात आत घातला. तो सहज गेला. इरूची बोटं तिच्या हातात आली, बर्फासारखी गार. तिने ओढलं. इरू चौकटीपाशी येऊन अडली. दुसऱ्यांदा ओढलं तेव्हा इरू दुखून ओरडली.

"मॅडम, मत जाइए," मागून वकार म्हणाला. मग त्याला दिसलं असावं की ती जाणार. त्याने कमरेचा टेप काढला, पातं बाहेर खेचलं आणि टोक तिच्या मोकळ्या हातात कोंबलं. बारा वर्षं तो टेपचं टोक धरत होता. आज पहिल्यांदाच त्याने ते दुसऱ्याच्या हातात दिलं. "ये छोड़ना नहीं. मैं इधर पकड़ के खड़ा हूँ. छोड़ना नहीं, मॅडम."

"नहीं छोड़ूँगी," ती म्हणाली आणि चौकट ओलांडली.

आत उकडत होतं. एसी चालू होता तरी उकडत होतं. पायाखाली त्यांच्याच घरच्या फरशा, एक सैल होती ती कुरकुरली. इरू तिच्यापासून एका हातावर उभी होती आणि जवळ यायला बिचकत होती. मृणालीला वाटलं, ही आपल्याला घाबरतेय की काय.

"बाळा," ती म्हणाली. हा शब्द तिने किती दिवसांत उच्चारला नव्हता.

इरूचा चेहरा वेडावाकडा झाला. दोन्ही हातांनी आईला कवटाळून ती ढसाढसा रडायला लागली, लहानपणी पडल्यावर रडायची तशी. तिचं सगळं अंग हलत होतं. एका हाताने तिला धरवेना. मृणालीने दुसराही हात तिच्या पाठीवर टाकला.

टेपचं पातं सळसळत मागे गेलं आणि कुठेतरी लांब ठक्कन बंद झालं. वकारची हाक आली का, ते तिला नक्की कळलं नाही. दाराकडे तिने पाहिलं नाही. पाहिल्याने फरक पडला नसता.

तिचा खांदा ओला झाला. ओल गरम होती आणि ती गरम आहे हे तिला जाणवत होतं. पाय दुखत होते. सुईचा अंमल उतरताना आधी नुसतं दुखतं, मग गाल परत आपला होतो. ती इरूचे केस कुरवाळत राहिली. "आले ना मी," ती म्हणत होती. "आले ना. चुकलं माझं. आले."

बऱ्याच वेळाने इरू शांत झाली. नाक पुसत म्हणाली, "बस ना, मम्मा. दमली असशील."

मृणाली पलंगाकडे वळली.

"त्या साइडला नको," इरू हळूच म्हणाली. "इकडे बस."

मृणाली तिने दाखवलेल्या बाजूला बसली. इरू तिला चिकटून बसली. दोघींच्या वजनाने गादी दबली. मग पाठीमागे, पलीकडच्या, जयेशच्या उशीच्या बाजूला, कुणी कूस बदलावी तशी ती आणखी थोडी दबली.

मृणालीने मान वळवली. चादर डोक्यावरून ओढलेली होती आणि अगदी सावकाश वर खाली होत होती. चादरीच्या कडेखालून चार बोटं बाहेर आली होती.

तिने झटकन इरूचं तोंड आपल्या छातीत लपवलं आणि तिच्या डोळ्यांवर हात धरला.

इरूने तो हात अलगद बाजूला केला.

"मला सवय आहे, मम्मा," ती म्हणाली. "आपल्या घरी पण रोज असायचं."